बट्टा, हुंडणावळ आणि कार्डाचे यंत्र

मराठीत 'बट्टा' या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. एक बाजारातला: एका मुलखाचे नाणे दुसऱ्या मुलखात चालवताना, किंवा झिजलेले नाणे चोख नाण्यात बदलून घेताना, जी रक्कम कापली जाते ती. दुसरा घरातला: कुळाला, नावाला, अब्रूला लागतो तो. यांतला कोणता आधीचा, हा वाद आम्ही व्युत्पत्तिकारांवर सोपवतो. आमचे लक्ष वेधून घेतले ते दोन्ही अर्थांमागच्या एका समान गृहीताने. सराफाने नाण्यावर बट्टा सांगितला की त्या नाण्यात काही उणे आहे हे चारचौघांत जाहीर होई. आणि माणसाच्या नावाला बट्टा लागला म्हणजे त्याचे मोलही तसेच चारचौघांत उतरे. बट्टा गुपचूप लागत नाही. तो कोणीतरी सांगावा लागतो आणि कोणीतरी ऐकावा लागतो.

नवी मुंबईतल्या एखाद्या दुकानात ग्राहक क्रेडिट कार्डाने शंभर रुपयांचे बिल चुकते करतो तेव्हा दुकानदाराच्या खात्यात शंभर रुपये येत नाहीत. साधारणतः दीड ते अडीच रुपयांच्या आसपास रक्कम वाटेतच कापली जाते. या कपातीचे इंग्रजी नाव 'मर्चंट डिस्काउंट रेट'. एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थने आपल्या कोशात 'बट्टा' या शब्दाचा अर्थ समजावताना 'डिस्काउंट' हाच इंग्रजी शब्द योजला होता. म्हणजे नव्या वस्तूसाठी जुना शब्द तयार होता. इतकेच नव्हे, तर इंग्रजीने स्वतः तोच अर्थ वापरला होता. तरीही मराठीने या कपातीला बट्टा म्हटले नाही. का म्हटले नाही, हा या लेखाचा विषय आहे, आणि तो केवळ शब्दांचा विषय नाही असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम त्या जुन्या बाजारात जावे लागेल. पेशवाईत आणि तिच्या पडत्या काळात महाराष्ट्रात एकच एक रुपया नव्हता. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुरती, निजामाच्या मुलखातला हाली, अशी किती तरी नाणी एकाच पेठेत फिरत. त्यांचे वजन निराळे, चांदीचा कस निराळा आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पत निराळी. सरकारचा वसूल एका जातीच्या रुपयांत बांधलेला, रयतेच्या हातात दुसऱ्याच जातीचे रुपये, आणि शिपायांचा पगार तिसऱ्या जातीत. अशी स्थिती असल्यावर प्रत्येक देवघेवीत कोणीतरी मध्ये बसून फरक ठरवणे अपरिहार्य होते. हे काम सराफ करी आणि गावच्या किंवा कसब्याच्या पातळीवर पोतदार करी. नाणे पारखण्याचे त्याला मोल मिळे. आज आपल्याकडे पोतदार आडनावाचे प्राध्यापक, कवी, डॉक्टर सर्वत्र आढळतात, पण त्या आडनावात एक जुनी फी दडलेली आहे याची आठवण सहसा कोणी ठेवत नाही. सरकारनेही या फरकाचा फायदा उठवला. वसुलीच्या कागदांत मूळ आकाराखेरीज ज्या बाबी चढत गेल्या, त्यांत बट्टा ही एक बाब होतीच. तेव्हा बट्टा म्हणजे निव्वळ तांत्रिक फरक आणि तो घेणारे सगळे सचोटीचे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. मात्र तो कागदावर आपल्या नावानिशी लिहिला जाई.

पैसा प्रत्यक्ष न हलवता दूर पोचवायचा तर हुंडी. पुण्याहून काशीला निघालेला यात्रेकरू रोकड कमरेला बांधून जाण्याऐवजी पुण्याच्या पेढीवर रक्कम भरी आणि काशीच्या आडत्यावरची हुंडी बरोबर घेई. मोहिमांचा पैसाही याच वाटेने हिंडला. या सेवेबद्दल पेढी जे घेई ती हुंडणावळ. आम्हाला या शब्दाच्या घडणीत मौज वाटते. दळणावळ, शिलाई, धुलाई या सगळ्या मजुरीच्या शब्दांच्या पंगतीत हुंडणावळ बसते. म्हणजे पैसा हलवणे हेही एक काम आहे, त्याला मजुरी आहे आणि ती किती हे विचारता येते, असे ती सुचवते. हुंडणावळीचा भाव ठरलेला नसे. ज्या शहराकडे पैशाची ओढ अधिक, तिकडची हुंडी महाग. कापसाच्या हंगामात एक भाव, पावसाळ्यात दुसरा. हुंडी नाणे बदलून वटवायची झाल्यास वटणावळ निराळी. आज आपण 'चेक वटला' म्हणतो तेव्हा त्या क्रियापदाच्या पोटात ही वटणावळ असते.

हुंडीची भाषा किती नेमकी होती पाहा. पाहताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी, ठराविक दिवसांनी द्यायचे ती मुदती. कोणाही आणणाऱ्याला न देता बाजारात पत असलेल्या शाहालाच पैसे द्यायचे ती शहाजोग. माल पोचण्याच्या जोखमीशी बांधलेली ती जोखमी. हुंडी हरवली तर पैठ, पैठही हरवली तर परपैठ. पैसे चुकते होऊन निकामी झालेली हुंडी म्हणजे खोखा. 1881चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा करताना ब्रिटिश सरकारलाही देशी भाषांतल्या अशा दस्तांपुरता स्थानिक रिवाज मोकळा ठेवावा लागला. ज्या व्यवहाराच्या प्रत्येक वळणाला नाव आहे त्या व्यवहारात काय कापले गेले हे लपवणे अवघड जाते.

साहित्याच्या वाचकाला हुंडी म्हटले की नरसी मेहता आठवतो. महिपतीने 'भक्तविजया'त ही गुजराती संताची कथा मराठी घराघरांत पोचवली. द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंना नरसी मेहता सावळशा शेटवर, म्हणजे कृष्णावर, हुंडी लिहून देतो आणि देव शेटच्या वेषात येऊन ती सकारतो. या कथेचा सगळा रस हुंडी सकारली जाईल की नाही यात आहे. ऐकणाऱ्या श्रोत्यांना हुंडी म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज कथेकऱ्याला पडत नाही, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्याच्या नावावर हुंडी लिहिली तो कोण, त्याची पेढी कुठे, तो पैसे देईल का, हे प्रश्न श्रोत्यांच्या रोजच्या अनुभवातले होते. कार्डाच्या व्यवहारावर अशी कथा रचायची झाली तर आधी पंधरा मिनिटे प्रवचन करावे लागेल.

तथापि जुन्या काळाची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. नाव उघड असले म्हणजे हिशेब उघड असतोच असे नाही. मनोतीचेच पाहा. कर्ज देतानाच सावकार मनोती कापून घेई, आणि कुणब्याच्या हाती कमी रक्कम येऊन व्याज मात्र पुऱ्या रकमेवर चढे. शब्द सर्वांना ठाऊक होता. वही मात्र एकाच्याच घरात होती. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे बाजारच्या दिवशी जमाव उठला, आणि पुढे पुणे व नगर जिल्ह्यांत जे दंगे पसरले त्यांत लोकांचा रोख विशेषकरून कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. कागद हाती घ्यायचे आणि जाळायचे. त्यानंतर आलेल्या 1879च्या दख्खन शेतकरी साह्य कायद्याने सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, अशी तरतूद केली. कायद्याचा उपयोग किती झाला हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण ज्याच्याकडून कापले जाते त्याला कापलेला आकडा दिसला पाहिजे, हे तत्त्व या प्रांतात दंग्यातून कायद्यात आले, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

नाण्यांचा गोंधळ 1835च्या कायद्याने कंपनीचा एकच रुपया आणल्यावर हळूहळू निवळला. बट्टा मात्र नाण्यावरून नोटेवर जाऊन बसला. 1861च्या कायद्याने सरकारी नोटा आल्या तेव्हा त्या सबंध देशात चालत नसत. कलकत्ता, मद्रास, मुंबई अशी मंडळे होती आणि एका मंडळाची नोट दुसऱ्या मंडळात कायदेशीर चलन नव्हती. परक्या मंडळाची नोट मोडायची तर सराफ बट्टा मागणारच. पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळता सर्वत्र चालू लागली ती 1903मध्ये. दहा, पन्नास आणि शंभरच्या नोटांना हा मान 1910-11मध्ये मिळाला. त्यानंतर सामान्य माणसाच्या व्यवहारातून बट्टा जवळजवळ नाहीसा झाला आणि नावाला लागणारा तेवढा उरला. शाळेच्या गणिताच्या पुस्तकात तो 'सूट' आणि 'कमिशन' यांच्या आडोशाला काही काळ टिकून राहिला. रुपया द्यावा आणि समोरच्याला रुपयाच मिळावा, ही आज स्वयंसिद्ध वाटणारी गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांहून फारशी जुनी नाही.

ती गोष्ट पुन्हा मोडली कार्डाने, आणि आरंभ दूर अमेरिकेत झाला. 1950 साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब निघाला. सभासदाने उपाहारगृहात सही करावी, क्लबने उपाहारगृहाला पैसे द्यावेत आणि देताना 7 टक्के कापून घ्यावेत, अशी ती योजना. 1958मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी हजारो घरांत न मागता कार्डे टपालाने पाठवली. भारतात डायनर्स क्लब 1960च्या दशकात आला, पण त्याचा वावर पंचतारांकित जगापुरता होता. 1980 साली मुंबईच्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने 'सेंट्रल कार्ड' काढले तेव्हा भारतीय बँकेचे क्रेडिट कार्ड प्रथम अवतरले. 1990च्या दशकात परदेशी बँका या धंद्यात उतरल्या आणि मग कार्ड मध्यमवर्गाच्या पाकिटात आले.

आरंभीची ती यंत्रे आता कोणाला आठवत असतील की नाही, नकळे. सरकत्या दांड्याचे एक जड यंत्र. त्यावर कार्ड ठेवायचे, वर कार्बनची चिठ्ठी ठेवायची आणि दांडा इकडून तिकडे फिरवायचा, की कार्डावरचे उठावाचे आकडे चिठ्ठीवर उमटत. दुकानदाराने सही ताडून पाहायची, बुडव्या कार्डांची यादी चाळायची, मोठी रक्कम असल्यास बँकेला दूरध्वनी करायचा, आणि मग या चिठ्ठ्यांचा गठ्ठा बँकेत नेऊन द्यायचा. बँक त्या चिठ्ठ्या बट्टा कापून वटवी. ही रचना पाहिली की ती मूळची हुंडीच आहे हे लक्षात येते. फरक दोन जागी होता. हुंडीत पैसा पोचवण्याचे मोल पैसे पाठवणारा देई. इथे ते घेणाऱ्याकडून कापले जाई. आणि हुंडणावळ विचारून, घासाघीस करून ठरे. इथे दुकानदाराने केलेल्या करारातच अशी अट असे, की हा खर्च ग्राहकावर वेगळा लावायचा नाही. म्हणजे बट्टा होता, पण तो सांगायला बंदी होती.

कापलेला पैसा कोठे जातो? मोठा वाटा ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे. काही भाग व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारख्या जाळ्याकडे. उरलेला दुकानात यंत्र बसवणाऱ्या बँकेकडे किंवा कंपनीकडे. यंत्राचे मासिक भाडे अनेकदा निराळे. पहिल्या वाट्यातूनच कार्डधारकाला 'पॉइंट' मिळतात, विमानतळावरच्या आरामकक्षात मोफत न्याहारी मिळते. ती न्याहारी मोफत नसते. तिचा एक घास कोठल्या तरी सेक्टरमधल्या स्टेशनरीच्या दुकानदाराने भरवलेला असतो.

हे सारे नवी मुंबईच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. 1970मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर आखले, 1973मध्ये ठाण्याच्या खाडीवर पूल झाला, 1992मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल आली. मुंबईच्या मशीद बंदर, भात बाजार, क्रॉफर्ड मार्केट या दाटीतले घाऊक बाजार 1980 आणि 1990च्या दशकांत टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशीच्या बाजार आवारात हलवण्यात आले. 1977मध्ये स्थापन झालेल्या मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे हे आवार. जुन्या हुंडीच्या जगाचे शब्द या आवारात अजून जिवंत आहेत. शेतकऱ्याला माल विकल्यावर जी पट्टी मिळते ती वाचावी: अडत, हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडे. प्रत्येक कपात आपल्या मराठी नावाने, वेगळ्या ओळीत. आपण किती लुबाडले गेलो हे शेतकऱ्याला या पट्टीवर तरी वाचता येते. (पट्टीवर न लिहिता जे कापले जाते त्याच्या कहाण्या वेगळ्या आहेत.)

आणि शब्द जिवंत असला की त्यावर भांडताही येते. अडत कोणी द्यायची, विकणाऱ्या शेतकऱ्याने की घेणाऱ्या व्यापाऱ्याने, हा महाराष्ट्रातला जुना वाद. जुलै 2016मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. वाशीचा बाजार थंडावला. अडत आमच्यावर टाकली तर आम्ही माल तेवढ्या कमी भावाने घेऊ, असे व्यापाऱ्यांच्या बाजूने बोलले गेले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य होते. खर्च कागदावर कोणाच्या नावे टाकला यावरून तो अखेर कोणाच्या खिशातून जातो हे ठरत नाही. पण तरीही कागदावरचे नाव निरर्थक नाही. 'अडत' हा शब्द आणि तिचा आकडा पट्टीवर होता, म्हणूनच विधिमंडळात, वृत्तपत्रांत आणि आवाराच्या फाटकावर त्याविषयी बोलता आले.

आता आवारातून बाहेर पडून वाशीच्या सेक्टर 17मधल्या किंवा नेरूळ-कोपरखैरण्याच्या एखाद्या दुकानात यावे. समजा, मोबाइल आणि त्याचे सुटे साहित्य विकणारे एक छोटे दुकान आहे आणि मालावर सरासरी 5 टक्के सुटतात. 3,000 रुपयांची विक्री झाली तर दुकानदाराचे 150 रुपये. ग्राहकाने क्रेडिट कार्ड पुढे केले. कपातीचा दर 2 टक्के धरला तर 60 रुपये गेले. 2,000 रुपयांवरच्या व्यवहारात या कपातीवर 18 टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी 10 रुपये 80 पैसे. एकूण 70 रुपये 80 पैसे. नफ्याच्या निम्म्याच्या जवळ. मोठ्या दुकानाला त्या कराची वजावट घेता येते. छोटा दुकानदार कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला तीही नाही. साखळी दुकाने उलाढालीच्या जोरावर बँकेशी घासाघीस करून दर उतरवून घेतात. हुंडणावळीचा भाव विचारण्याचा जो हक्क पूर्वी काशीला निघालेल्या यात्रेकरूलाही होता, तो आज उलाढालीच्या प्रमाणात वाटला गेला आहे.

मग दुकानदार काय करतो? तो काचेवर पाटी लावतो: कार्डावर दोन टक्के जादा. किंवा तोंडी सांगतो की यंत्र बंद आहे. किंवा पाचशेच्या आत कार्ड घेत नाही. ग्राहकाला हा अप्रामाणिकपणा वाटतो. पुष्कळ सुशिक्षित ग्राहक तक्रार करण्याची भाषा बोलू लागतात, आणि नियमही त्यांच्या बाजूने असतो. डेबिट कार्डावर असा अधिभार लावू देऊ नये असे रिझर्व्ह बँकेने 2013मध्ये बँकांना बजावले होते. आम्हाला मात्र ती पाटी हा या सबंध व्यवहारातला सर्वांत प्रामाणिक मजकूर वाटतो. बट्टा आहे, एवढेच ती सांगते. ऑस्ट्रेलियात 2003 साली तिथल्या मध्यवर्ती बँकेने नेमके हेच मोकळे केले. खर्च ग्राहकाला दाखवायला बंदी करणारी कार्ड कंपन्यांची अट तिने रद्द करवली. युरोपीय संघाने 2015मध्ये दुसरी वाट धरली आणि बँकांच्या वाट्यावरच मर्यादा घातली: डेबिट कार्डाला 0.2 टक्के, क्रेडिट कार्डाला 0.3 टक्के. पाटीला मनाई असेल तिथे दुकानदारापुढे एकच उपाय उरतो: सगळ्याच मालाची किंमत थोडी वाढवणे. मग रोख पैसे मोजणारा ग्राहकही, ज्याच्या पाकिटात कार्ड नाही आणि ज्याला कोणी कार्ड देणारही नाही, त्या कपातीचा वाटेकरी होतो. आरामकक्षातल्या न्याहारीचा दुसरा घास त्याचा.

सरकारी बाजूने जे झाले ते थोडक्यात सांगता येईल. रिझर्व्ह बँकेने 2012मध्ये डेबिट कार्डावरची कपात 2,000 रुपयांपर्यंत 0.75 टक्के आणि त्यावर 1 टक्का अशी बांधली. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा घातली नाही. 8 नोव्हेंबर 2016च्या नोटबंदीनंतर रोकड आटली, ज्यांनी कधी यंत्र पाहिले नव्हते त्यांनी यंत्रे मागवली, आणि लहान रकमांवरचे डेबिट कार्डाचे दर काही महिन्यांसाठी आणखी खाली आणले गेले. जानेवारी 2017मध्ये पेट्रोल पंपचालकांनी कार्ड घेणे थांबवण्याचा इशारा दिला, कारण त्यांच्या ठरीव नफ्यातून 1 टक्का जाणार होता. सरकारने मध्यस्थी केल्यावर ते थांबले. त्या आठवड्यात कदाचित प्रथमच ही कपात वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली. 1 जानेवारी 2018पासून दुकानाच्या उलाढालीप्रमाणे दर आले: वर्षाला 20 लाखांपर्यंतच्या दुकानदाराला कमाल 0.40 टक्के, इतरांना 0.90 टक्के. आणि 1 जानेवारी 2020पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरची कपात शून्य झाली.

हे शून्य विचार करण्याजोगे आहे. भाजीच्या गाडीवर चिकटवलेल्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्रातून आज वीस रुपये जातात आणि भाजीवालीला वीस रुपयेच मिळतात. 1911 नंतर मिळालेला आणि कार्डाने हिरावलेला हक्क तिला परत मिळाला, असे म्हणता येईल; आणि आम्ही ते हातचे न राखता म्हणतो. परंतु खर्च कोठे तरी उरतोच. बँकांना आणि ॲपवाल्यांना सरकार तिजोरीतून प्रोत्साहन रक्कम देते: 2022-23साठी मंत्रिमंडळाने 2,600 कोटी रुपये मंजूर केले होते, 2024-25साठी लहान व्यवहारांपुरते सुमारे 1,500 कोटी. म्हणजे बट्टा करदात्यांत वाटला गेला. शिवाय 'इतके रुपये प्राप्त झाले' असे ओरडून सांगणाऱ्या डबीचे महिन्याचे भाडे दुकानदार भरतोच. आणि 2022पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागल्यावर जुनी कपात मागील दाराने परतली. लहान दुकानदाराला 2,000 रुपयांपर्यंत ती माफ आहे, त्यावर नाही. पूर्वी कार्ड पुढे केलेले दिसे, त्यामुळे दुकानदार निदान नाही म्हणू शके. आता तेच चौकोनी चित्र, तोच फोन, आणि पैसे बचत खात्यातून आले की उधारीतून, हे समोरून सहजी कळत नाही.

आता शब्दाकडे परत येऊ. वृत्तपत्री मराठीत 'मर्चंट डिस्काउंट रेट'साठी कधी 'एमडीआर' ही अक्षरे वापरतात, तर कधी 'व्यापारी सवलत दर' असे भाषांतर वाचायला मिळते. हिंदीतले 'व्यापारी छूट दर' त्याचेच भावंड. या भाषांतराने अर्थ उलटाच केला आहे. सवलत म्हणजे ज्याला मिळते त्याचा फायदा. व्यापारी सवलत दर म्हटल्यावर वाचणाऱ्याला वाटावे की व्यापाऱ्याला काही सूट मिळते आहे. वस्तुतः कापले जाते ते त्याच्याकडून. 'डिस्काउंट' या इंग्रजी शब्दाचे जे दोन अर्थ, दुकानातली सूट आणि पेढीवरचा बट्टा, त्यांतला दुसरा आपल्या कानातून इतका पुसला गेला होता की भाषांतरकाराच्या हाती पहिलाच लागला. शब्दकोश शेजारी असता तर ही चूक टळली असती, हे म्हणणे सोपे आहे. चूक कोशाअभावी झालेली नाही. ज्या व्यवहारात कापलेला आकडा दाखवू नये अशी अट आहे, त्या व्यवहाराच्या नावातही तो दिसत नाही, हे सुसंगतच म्हटले पाहिजे.

मराठी कथा-कादंबरीत सावकार विपुल आहे. त्याला गादी आहे, वही आहे, चेहरा आहे. त्याच्या दारात जाऊन उभे राहता येते. सुप्याच्या लोकांना कोठली वही जाळायची हे ठाऊक होते. कार्डाच्या कपातीला चेहरा नाही, म्हणून ती आपल्या वास्तववादी लेखनात जवळजवळ आलेली नाही असे आम्हाला वाटते, जरी दुकानदार हे पात्र आपल्याकडे कमी नाही. आणि वही? ती योगायोगाने याच शहरात आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर जिथे एके काळी रासायनिक कारखान्यांची धुराडी होती, त्या ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात आता खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या इमारती आहेत; बेलापूरला स्टेट बँकेचे माहिती तंत्रज्ञान केंद्र आहे. तुर्भ्याच्या आवारातली पट्टी आणि या इमारती यांत फार तर काही मैलांचे अंतर. एकीकडे प्रत्येक कपातीला नाव असलेला, शाईने लिहिलेला, घामट कागद; दुसरीकडे हजारो दुकानांच्या कपाती दर सेकंदाला नोंदवणारी थंड हवेतली यंत्रे. या दोहोंना जोडणारी कादंबरी कोणी लिहील तर आम्ही ती उत्सुकतेने वाचू.

तूर्त ही कपात दुकानदाराच्या हिशेबात कोठे नोंदली जाते एवढेच पाहू. जुन्या रोजकीर्दीत आणि खतावणीत कसर-वटाव किंवा बट्टा असे स्वतंत्र खाते असे; वर्षअखेरीस त्याची बेरीज पाहून पेढीचा मालक ठरवी की पुढल्या वर्षी कोणत्या आडत्याकडून हुंडी घ्यायची. आज छोट्या दुकानाचा हिशेब संगणकावर असतो. कार्डाची रक्कम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कापूनच जमा होते, आणि महिनाअखेरीस हिशेबनीस ती तफावत 'बँक चार्जेस' या एका मथळ्याखाली टाकतो. चेकबुकाची फी, एसएमएसची फी, किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड आणि कार्डाचा बट्टा हे सगळे त्या एका ओळीत एकत्र येते. त्यातला बट्टा किती, हे दुकानदाराने विचारले तर हिशेबनिसाला तीस दिवसांची विवरणे उघडून बेरीज करावी लागते, आणि बहुधा तो विचारत नाही.